अंधेरीला जाताना सुरत घरी ठेवू नका

माझी पुतणी पटकथा लिहिते, हे सांगताना आमच्या घरात अजूनही आवाज खाली येतो. मुलगी बँकेत आहे, शाळेत शिकवते, रिंगरोडच्या मार्केटमध्ये हिशेब सांभाळते, यांपैकी काहीही पाहुण्यांसमोर मोठ्याने सांगता येते. 'सिनेमासाठी लिहिते' म्हटले की पाहुणे हातातला कप बशीत ठेवतात आणि विचारतात, "ते झालं, पण बाकी काय करते?"

गेल्या वर्षी मुंबईच्या एका निर्मितीसंस्थेने तिला भेटीला बोलावले, तेव्हा मात्र सारे घर कामाला लागले. त्या तयारीत एक मोठी चूक झाली. ती मुलीची नव्हती, आमची होती. आणि त्यातही मुख्यतः माझी. सीमेवरच्या जिल्ह्यांत, दोन भाषांत वाढणाऱ्या घरांत ही चूक रोज होत असते, म्हणून ती या अंकाच्या वाचकांपुढे उघडपणे मांडतो आहे. काही जणांना राग येईल. येऊ द्या.

तयारी कशी झाली ते आधी सांगतो. माझा धाकटा भाऊ उधन्याला तीस वर्षे लूमवर आहे. त्याने पाळी बदलून घेऊन मुलीबरोबर जाण्याची तयारी दाखवली. भावजयीने लेस-पट्टीचे काम बाजूला सारून खादीचा कुर्ता इस्त्री केला. आणि मी, घरातला शिकलेला माणूस, निवृत्त मराठी शिक्षक, तिच्या जिभेच्या मागे लागलो. "'मी आली' नाही, 'मी आले'. 'चालेल ने' मधला तो 'ने' आधी काढून टाक." चार दिवस हे चालले. वर तीन सूचना दिल्या. पहिली, गोष्ट कोणाला सांगू नकोस, चोरतात. दुसरी, कशालाही नाही म्हणू नकोस. आणि तिसरी, सुरतचा विषय निघालाच तर 'आम्ही मूळचे जळगाव जिल्ह्यातले' एवढेच सांग.

तिची जी पटकथा वाचून बोलावणे आले होते, ती सदाशिव पेठेतल्या एका वाड्याची गोष्ट होती. ती पुण्याला आयुष्यात दोनदा गेली होती, दोन्ही वेळा लग्नाला. पण 'मराठी घर दाखवायचे तर पुण्याचेच हवे' हे तिच्या डोक्यात कोणी भरवले, हे वाचकांना सांगायला नकोच.

पहाटेची फ्लाइंग राणी धरून शेवटी आम्ही दोघे निघालो. बोरिवलीला उतरून लोकलने अंधेरी, तेथून रिक्षाने वर्सोवा. ती आत गेली आणि मी समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. पंचवीस मिनिटांत ती बाहेर आली.

"झालं?"

"झालं."

"काय ठरलं?"

"काही नाही काका. काही ठरवायचं नव्हतंच. त्यांना फक्त मी कोण ते बघायचं होतं."

समोर बसलेल्या बाई तिच्याहून फार मोठ्या नव्हत्या आणि अतिशय सौजन्याने बोलल्या. त्यांनी विचारले, "वाडा तुम्ही जवळून पाहिला आहे का?" ही म्हणाली, "नाही." "मग तुम्ही वाढलात कुठे?" हिने मी शिकवलेले उत्तर दिले. "बरं, मग जळगावचं काहीतरी सांगा." आता जळगावला ही उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस जाणार, केळीच्या बागांपलीकडे तिला काय ठाऊक असणार? संभाषण तेथेच आटले. चहा आला, तो पिऊन झाला. "पुढे काही सुचलं तर जरूर कळवा," असे म्हणून त्यांनी दारापर्यंत सोबत केली. पुढे त्या संस्थेकडून काही आले नाही, आणि त्यात त्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत, वापीच्या अलीकडे कोठेतरी, ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काका, लहानपणी मला लूमच्या आवाजातच झोप लागायची. सुट्टीच्या रात्री लूम बंद झाले की जाग यायची. मग मी उठून पप्पांच्या नाकापाशी हात धरून बघायची, श्वास चालू आहे ना."

मी म्हटले, "अगं, मग हे त्यांना का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणालात, सुरतचं काढू नकोस."

वलसाड येईपर्यंत मी काही बोललो नाही.

आता मुद्द्याकडे येतो. सिनेमाच्या धंद्यात या भेटीला 'जनरल मीटिंग' म्हणतात. ही रीत हॉलिवुडात रुळलेली आहे आणि मालिका व वेबमालिकांची कामे वाढली तशी मुंबईतही ती पसरली. आपल्या लोकांना अनोळखी माणसाशी होणाऱ्या तीनच भेटी ठाऊक असतात: नोकरीची मुलाखत, तोंडी परीक्षा आणि मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम. या तिन्हींत समोरचा मोठा, आपण लहान. चूक झाकायची, बरे तेवढे दाखवायचे. जनरल मीटिंगचा प्रकारच निराळा आहे. तेथे द्यायला काम नसते, त्यामुळे मिळवायलाही काही नसते. तुमचे एक लिखाण त्यांनी वाचलेले असते आणि ते बरे वाटलेले असते, नाहीतर बोलावणेच आले नसते. म्हणजे लिहिता येते की नाही, ही परीक्षा झालेली आहे. उरतो तो एकच प्रश्न: हा माणूस कोण, आणि याला असे काय ठाऊक आहे जे आम्हाला ठाऊक नाही?

समोरच्या माणसाचाही विचार करा. तो बहुधा संस्थेचा मालक नसतो. नवे लेखक आणि नवे विषय शोधणे ही त्याची नोकरी असते. असे लेखक त्याला सतत भेटत असतात. तुम्ही उठून गेल्यावर त्याला आपल्या वरिष्ठाला दोन वाक्यांत सांगायचे असते की आज कोण येऊन गेले. "पुण्याच्या वाड्यावर लिहिणारी एक मुलगी आली होती," हे वाक्य त्याने पुष्कळदा उच्चारलेले असेल. "लूम थांबले की जागी होणारी, लूमवाल्याची मुलगी आली होती," हे वाक्य त्याच्या तोंडी पूर्वी कधी आले नसेल. महिनाभराने उधन्याचा, कापडाचा, मजुरांचा काही विषय निघाला तर त्याला कोण आठवेल? आम्ही काय केले, तर तिची ही एकमेव पुंजी पोरीच्या पिशवीतून काढून घरी ठेवून घेतली आणि तिला उसन्या दागिन्यांत पाठवले.

हे आम्ही का करतो? नवापूरच्या स्टेशनावर एक बाकडे आहे. राज्याची सीमा स्टेशनातूनच जाते, त्यामुळे ते बाकडे अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. लोक हौसेने त्यावर बसून फोटो काढून घेतात. आपली घरे जन्मभर त्याच बाकड्यावर बसलेली आहेत. पण कोणी 'कुठले?' म्हणून विचारले की आपण पटकन एका टोकाला सरकतो. सुरतेत विचारले तर आम्ही सुरती. पुण्यात विचारले तर आम्ही जळगावचे, धुळ्याचे, नंदुरबारचे. घरात आजी अहिराणी बोलते, हे तर दोन्हीकडे लपवायचे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत एवढी मराठी माणसे राहतात की तेथे गणपतीत आपण महाराष्ट्राबाहेर आहोत असे वाटत नाही. तरी त्या वस्तीची धड एक गोष्ट आपण मराठीत लिहिली आहे का? पुण्या-मुंबईच्या लोकांनी आपल्याला लिहिले नाही, ही तक्रार आपण संमेलनाच्या मांडवात वर्षानुवर्षे करतो. आपण स्वतः काय लिहिले? सदाशिव पेठ!

एके काळी पडद्यावर यायचे तर आडनावातली जरी उतरवून ठेवण्याची रीत होती. सुरतेत १९३८ साली जन्मलेले हरिहर जेठालाल जरीवाला संजीवकुमार झाले आणि 'शोले'तला ठाकूर त्यांनीच उभा केला. नटांनी नावे बदलली, तो त्या काळाचा रिवाज. लेखकाने मात्र गाव बदलले तर त्याच्यापाशी उरते काय?

याच 'शोले'ची गोष्ट सलीम-जावेद यांनी प्रथम सांगितली ती चार ओळींत, हे प्रसिद्ध आहे. सूड घेऊ पाहणारा एक माणूस आणि त्याने हाताशी धरलेले दोघे. मनमोहन देसाई आणि प्रकाश मेहरा यांच्याकडे ती जमली नाही, सिप्पी पितापुत्रांना भावली, आणि मग बाकीचे सारे लिहून झाले. पहिल्या भेटीत चार ओळी पुरतात, हा एक धडा. दुसरा धडा असा की नकार देणारे मूर्खच असतात असे नाही. त्यांच्या घरी त्या वेळी दुसरे काही शिजत असते.

आता चोरीचे भय. "गोष्ट सांगू नकोस, चोरतात," ही माझी सूचना निव्वळ भाबडी नव्हती. पण अर्धवट होती. आपल्या देशात या प्रश्नावरचा सर्वांत महत्त्वाचा खटला आर. जी. आनंद यांचा. त्यांनी १९५३ मध्ये 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिले. शेजारशेजारच्या पंजाबी आणि मद्रासी कुटुंबांतली मुले प्रेमात पडतात आणि प्रांताभिमान आडवा येतो, असा त्याचा विषय. म्हणजे आपल्याच घरातला विषय म्हणा ना! १९५५ च्या जानेवारीत दिग्दर्शक मोहन सैगल यांना दिल्लीत त्यांनी ते नाटक वाचून दाखवले. १९५६ मध्ये सैगल यांचा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. त्यातही पंजाबी आणि मद्रासी, त्यातही प्रेम, त्यातही प्रांताभिमान. आनंद कोर्टात गेले. खालच्या न्यायालयात हरले, दिल्ली उच्च न्यायालयात हरले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयातही हरले. न्यायालय म्हणाले, कल्पनेवर, विषयावर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती त्या कल्पनेला लेखकाने दिलेल्या रूपावर, मांडणीवर. चित्रपटाची मांडणी निराळी होती, त्यात हुंड्याचा प्रश्नही आला होता, म्हणून तो चोरी ठरला नाही.

हा निकाल वाचून पुष्कळ लेखक हताश होतात. मी तो अलीकडे पुन्हा वाचला आणि मला त्यात आमची चूक कायद्याच्या भाषेत लिहिलेली दिसली. 'मराठी मुलगी आणि गुजराती मुलगा' ही कल्पना कोणाचीच नाही. ती उद्या कोणीही उचलेल. पण सुट्टीच्या रात्री लूम थांबल्यावर बापाचा श्वास तपासणारी मुलगी, ताके मोजता मोजता दोन भाषांत पाढे म्हणणारी तिची आई, आणि या सगळ्याभोवती लिहून काढलेले प्रसंग आणि संवाद, हे झाले रूप. ते तुमचे. म्हणजे जो तपशील आम्ही लाजेने लपवतो, तोच लेखकाची ओळख आहे आणि तोच त्याचे कुंपणही आहे. गोष्ट जितकी 'कोठेही घडेल अशी' कराल, तितकी ती कोणाचीही होईल.

कुंपणाला कागदाचीही जोड हवी. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे झी टेलिफिल्म्स आणि सनडायल कम्युनिकेशन्स यांचा वाद आला. मालिकेची संकल्पना विश्वासाने, लेखी स्वरूपात सादर केलेली होती, म्हणून विश्वासभंगाच्या तत्त्वावर तिला संरक्षण मिळाले. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले उभे राहते. तेव्हा जाण्यापूर्वी पटकथा नोंदवून ठेवा. पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन, आताची स्क्रीनरायटर्स असोसिएशन, सभासदांचे लिखाण नोंदवून घेते; त्यासाठी आता अंधेरीला खेपही घालावी लागत नाही. भेट झाली की त्याच रात्री आभाराचे चार ओळींचे ई-पत्र पाठवा आणि त्यात कोणकोणत्या गोष्टींवर बोलणे झाले ते नावानिशी लिहा. हे सौजन्यही आहे आणि पुरावाही. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच असावा लागतो, तोंडी 'हो' म्हणून काही जात नाही, हेही मुलांना सांगा. आणि कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून, सिनेमागृहाबाहेर चित्रपट ज्या ज्या मार्गाने वापरला जाईल त्यातला लेखकाचा रॉयल्टीचा वाटा कोणी करारात लिहून घेतला तरी काढून घेता येत नाही. तो वारसांकडे किंवा लेखकांच्या कॉपीराइट संस्थेकडेच जाऊ शकतो. वरणगावच्या शेताचा सातबारा ज्यांना तोंडपाठ आहे, त्या आमच्या घरांना एवढे कलम जड जाऊ नये.

काही मित्र म्हणतील, हे सारे ठीक, पण सुरतेची वस्ती, लूम, अहिराणी हे मुंबईच्या बाजारात मांडणे म्हणजे घरची गरिबी विकणे नव्हे काय? प्रश्न योग्य आहे. परंतु विकणे आणि त्यावर उभे राहणे यांत फरक आहे. १९७६ चा 'मंथन' आठवा. गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला श्याम बेनेगल यांचा चित्रपट; त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गुजरातच्या खेड्याची गोष्ट एका मराठी नाटककाराने लिहिली, त्यात कोणाची गरिबी विकली गेली नाही. तेंडुलकर बाहेरून आले आणि त्यांनी गुजरात लिहिला. आपण तर आतच राहतो!

आणि जे मित्र म्हणतात की सिनेमाचे लिखाण हे साहित्यच नव्हे, त्यांना एवढेच विचारतो की 'अर्धसत्य' कशावरून निघाला? श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरून. कथा आपल्याच एखाद्या अंकाच्या पानांतून उठून पडद्यावर जाते, हे आपण विसरलो आहोत.

मग तयारी करायची तरी काय? आमच्या चुकीतून शिकलो ते सांगतो. ज्या संस्थेकडे जायचे तिची दोन-तीन कामे नीट पाहा आणि त्यांवर स्वतःचे मत बाळगा. स्तुती पाठ करू नका. मी कोण, कोठला, काय पाहत वाढलो, हे दोन मिनिटांत सांगता आले पाहिजे, आणि त्यात एक तरी गोष्ट अशी हवी जी दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. तीन कल्पना जवळ ठेवा, प्रत्येकी तीन-चार वाक्यांच्या. विचारल्यावरच पुढे बोला, आणि मागितल्याशिवाय शेवट सांगत बसू नका. आपणही विचारा: सध्या तुम्ही काय शोधत आहात? ते मनापासून सांगतात, आणि पुढच्या वेळी काय न्यावे हे त्यातूनच कळते. 'आमच्यासाठी पंधरा पाने लिहून आणा, मग बघू' असे कोणी म्हणाले तर कशाबद्दल, किती दिवसांत आणि किती मानधनावर, हे विचारायला लाजू नका. कशालाही नाही म्हणू नकोस, ही माझी दुसरी सूचना तर सर्वांत वाईट होती. जो लूमवाला मीटरचा भाव ठरवल्याशिवाय बीम चढवत नाही, त्याच्या मुलीने फुकट का लिहावे? आणि जमल्यास पहिली भेट फोनच्या पडद्यावर घ्या. सुरतेहून जाण्यायेण्यात अख्खा दिवस आणि एका माणसाची रोजी जाते, हे मुंबईत राहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. सांगितले तर बहुतेक जण समजून घेतात.

पण ही सारी भेटीच्या आदल्या आठवड्यातली तयारी झाली. खरी तयारी वीस वर्षे आधी घरात होते आणि तेथेच आम्ही ती बिघडवतो. आजी अहिराणीत हाक मारते, "काय करी ऱ्हायनी व माय?" आणि आपण पोरीला म्हणतो, शुद्ध बोल. शेजारच्या गुजराती मैत्रिणीची गोष्ट तिने निबंधात लिहिली की मास्तर तांबड्या शाईने 'ने' कापतो. तो मास्तर मीच. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा भाषांतून चालत आल्या. एवढ्या भाषा ज्या शहराच्या गल्लीत ऐकू येतात, तेथे वाढलेल्या मुलाला गोष्टीसाठी पुणे उसने आणावे लागते, हे त्या मुलाचे दैन्य नाही. आम्ही केलेल्या शुद्धीकरणाचा तो परिणाम आहे.

भाषा नीट शिकवू नये, असे मी म्हणत नाही. चाळीस वर्षे व्याकरण शिकवलेला माणूस असे कसे म्हणेल? प्रमाण मराठी द्यावी, भरपूर द्यावी. पण ती देताना हातातले दुसरे काढून घेऊ नये. आपल्या मंडळांनी दरवर्षी वक्तृत्वस्पर्धा घ्यायच्या त्या घ्याव्यात. एखादे वर्ष पोरांना विचारावे, तुमच्या गल्लीत रात्री काय ऐकू येते ते लिहा. जसे बोलता तसे लिहा. अशा अंकांच्या संपादकांनीही चार पाने त्यासाठी राखावीत, आणि त्यातला 'ने' कापू नये.

पुतणीने आता नवी पटकथा लिहिली आहे. उधन्याची आहे. संवादांत मराठी आहे, गुजराती आहे, आजीची अहिराणी आहे. मला वाचायला दिली तेव्हा सवयीने मी तांबडे पेन हातात घेतले, तर ती म्हणाली, "काका, पेन ठेवा. नुसतं वाचा ने." मी पेन ठेवले. दिवाळीनंतर दुसऱ्या एका संस्थेने तिला बोलावले आहे. या वेळी बरोबर मी जाणार नाही. तिचा बाप जाणार आहे. कोणी विचारलेच, तर लूमचा आवाज कसा असतो ते त्याला माझ्याहून चांगले सांगता येईल.